मेथी नव्हे, आंबुशी नव्हे: बांधावरची परकी तिपानी ओळखायची कशी

दोन वर्षांमागं आमच्या परसात कोथिंबिरीच्या वाफ्यात तीन-तीन पानांची हिरवीगार रोपं दाटली. आत्या म्हणाल्या, आंबुशी आहे, चटणी करू. मामा म्हणाले, "रानमेथी हाय ती, म्हशीला टाका." शेजारच्या काकूंनी 'लकी प्लांट' म्हणून दोन रोपं कुंडीसाठी मागून नेली. लेकीच्या मोबाइलनं तर 'क्लोव्हर', म्हणजे बरसीम चाऱ्याच्या जातीची, असं ठासून सांगितलं. चौघंही चुकले होते. ती होती ऑक्सॅलिस लॅटिफोलिया, मूळची मेक्सिको आणि मध्य-दक्षिण अमेरिकेची. एका रोपवाटिकेतून जास्वंद आणली होती, तिच्या पिशवीतल्या मातीतून ती घरात शिरली. हे उमगायला मला दोन पावसाळे लागले, कारण दोन्ही पावसाळे मी पानच बघत बसले होते.

या सगळ्या मंडळींचं पान सारखंच दिसतं, म्हणून पानावरून नाव ठेवायचं नाही. फूल, शेंग, देठाचं बूड आणि मुळं या चार जागा बघायच्या. हा लेख त्याबद्दलच आहे. आमच्या घरात अशा सगळ्या झाडांना आता 'तिपानी' म्हणतात, तोच शब्द इथंही वापरते.

निघण्याआधी

सामान फारसं लागत नाही. भांगलणीचं खुरपं, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, जुने पेपर आणि दहा पट मोठं दाखवणारं भिंग. कोल्हापूरच्या गुजरीतले सोनार डोळ्याला लावतात तसलं छोटं भिंग उत्तम. मोबाइलचा कॅमेरा भिंगाला टेकवून फोटो काढता येतो, आणि तो घरी येऊन पुन्हा बघता येतो हा मोठा फायदा.

वेळही महत्त्वाची. गुलाबी फुलांच्या आंबुशा पावसाळ्यात जोरात असतात. माळावरचे दोघं, स्टायलो आणि सिराट्रो, पाऊस सरत आला की दसऱ्याच्या आसपास बघावेत. मेथीसारखी दिसणारी बहुतेक मंडळी रब्बीची, म्हणजे दिवाळीपासून शिमग्यापर्यंतची. आषाढात बांधावर उभी रानमेथी शोधत फिरलात तर पाय चिखलात रुततील, बाकी काही नाही.

जागा म्हणाल तर आधी आपलं परस, मग सोसायटीची हिरवळ, मग बांध आणि नदीकाठचं मळीचं रान. पंचगंगेचा पूर ओसरल्यावर गाळाच्या पट्ट्यावर काय उगवतं ते बघण्यासारखं असतं, पण ते रान कुणाचं तरी असतं. विचारून आत जा.

पहिली पायरी: घराणं कुठलं?

तिपानी दिसली की पहिला प्रश्न एकच, ही आंबुशीच्या घराण्यातली की वाटाण्याच्या?

फूल असेल तर सोपं आहे. आंबुशीच्या फुलाला पाच सारख्या पाकळ्या असतात, लहान मुलं काढतात तसलं फूल. वाटाण्याच्या घराण्याचं फूल मात्र पतंगासारखं असतं. वर एक मोठी पाकळी उभी, बाजूला दोन पंख, खाली होडीसारखी मिटलेली जोडी. हरभऱ्याचं किंवा भुईमुगाचं फूल एकदा नीट बघून घ्या, मग तेच रूप दोन मिलिमीटरच्या फुलातही ओळखू येतं.

फूल नसेल तर पानाचं टोक बघा. बदामासारखं, टोकाला खाच असलेलं, कडा अगदी गुळगुळीत आणि तिन्ही पानं एकाच बिंदूतून फुटलेली असतील तर आंबुशीकडे झुका. तरीही खात्री नसेल तर एक रोप खुरप्यानं मुळासकट अलगद काढा आणि मुळं पाण्यात धुवा. वाटाण्याच्या घराण्यात मुळांवर बारीक गाठी दिसतात. एखादी गाठ नखानं फोडली आणि आत गुलाबी रंग दिसला, तर तिथं जिवाणू हवेतला नत्र बांधायचं काम करताहेत. आंबुशीच्या मुळांना अशा गाठी नसतात. मात्र कंद आणि गाठ यांत घोळ घालू नका. कंद रोपाच्या बुडाशी असतो, गाठी बारीक मुळांना चिकटलेल्या असतात.

माझी आवडती खूण मात्र संध्याकाळची. रंकाळ्यावर फेरी मारून घरी यावं आणि अंधार पडताना वाफ्याशी बसावं. आंबुशीची तिन्ही पानं मिटलेल्या छत्रीसारखी खाली लोंबतात. क्लोव्हरची बाजूची दोन पानं हात जोडल्यासारखी जवळ येतात आणि मधलं पान त्यांच्यावर छपरासारखं वाकतं. शास्त्रीय नावं पाठ नसली तरी हे दृश्य एकदा पाहिलं की विसरत नाही.

मधेच एक इशारा. रंकाळ्यासारख्या तलावाच्या कडेला किंवा भाताच्या खाचरात चार पानांची 'क्लोव्हर' सापडली म्हणून नाचू नका. ती बहुधा मार्सिलिया. तिला फूल कधीच येत नाही, कारण ती नेच्याच्या कुळातली.

दुसरी पायरी: आंबुशीतल्या तिघी

आपली नेहमीची आंबुशी म्हणजे ऑक्सॅलिस कॉर्निक्युलाटा. पिवळं फूल, जमिनीवर सरपटणारं खोड, खोडाच्या पेरांना फुटलेली मुळं आणि टोकदार, उभी, भेंडीच्या पिलासारखी शेंग. पिकलेल्या शेंगेला बोट लावलं की बिया फटकन उडतात. संस्कृतात हिला चांगेरी म्हणतात आणि आयुर्वेदात ती फार जुनी आहे. तिचं मूळ गाव कुठलं यावर अभ्यासकांत एकमत नाही, म्हणून मी तिला उपरी म्हणायला धजत नाही. लक्षात ठेवायचं ते एवढंच की पिवळं फूल आणि जमिनीवर लोळणारं खोड दिसलं तर ती आत्यांची आंबुशी.

खरा घोळ गुलाबी फुलांच्या दोघींत होतो. दोघी अमेरिकेतून आलेल्या, दोघींना जमिनीवर खोड नाही, पानं थेट मातीतून लांब देठावर उभी राहतात, फुलं जांभळट गुलाबी. आमच्या वाफ्यातली ऑक्सॅलिस लॅटिफोलिया, आणि तिची मावसबहीण ऑक्सॅलिस डेबिलिस. ही दुसरी दक्षिण अमेरिकेची.

आधी पान बघू. लॅटिफोलियाचं प्रत्येक पान टोकाकडे रुंद होत जातं आणि तिथं दुभंगतं. माशाची शेपटी डोळ्यांसमोर आणा. दोन टोकं एकमेकींपासून दूर, मधे उघडी खाच. डेबिलिसचं पान गोलसर, खरं बदामी, दोन्ही गोलाया जवळजवळ. आता पान उलटं करा आणि उजेडाकडे धरून कडेजवळ भिंग लावा. डेबिलिसला कडेनं बारीक नारिंगी-तपकिरी ठिपके दिसतात, लॅटिफोलियाला ते नसतात. पहिल्यांदा मला हे ठिपके रोग वाटले होते आणि मी त्यावर कडुनिंबाचा अर्क फवारून बसले होते.

पान कोवळं असेल तर दोन्ही खुणा फसवतात. मग खुरपं घ्या, पण रोप उपटू नका. भोवती वीतभर गोल खणून मातीचा गोळा सगळाच उचला आणि बादलीत बुडवून माती विरघळू द्या. डेबिलिसच्या मूळ कंदाला चिकटून बारीक बारीक कंदांचा घोस असतो, लसणाचा गड्डा फोडल्यासारखा. लॅटिफोलियाचे कंद असे चिकटून बसत नाहीत. मूळ कंदापासून दोऱ्यासारखे पांढरे धागे बाहेर पडतात आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला एक कंद असतो. धागा तुटला की कंद मातीत राहतो.

भांगलणीत आपण हरतो ते इथंच. खुरप्यानं वरचं खरडलं की एका रोपाची दहा होतात, कारण आपण कंद तोडून सगळीकडे पेरत जातो. मी पहिल्या वर्षी तेच केलं, आणि दुसऱ्या पावसाळ्यात वाफ्याबरोबर शेजारची मिरचीही गेली. आता मी माती चाळते. कंद कंपोस्टच्या खड्ड्यात टाकत नाही, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून गच्चीवर उन्हात ठेवते. कंद सुरकुतून कडकडीत वाळल्याशिवाय पिशवी उघडत नाही.

खाण्याबद्दल एक वाक्य. या सगळ्यांच्या आंबटपणाचं कारण ऑक्झॅलिक आम्ल, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यानं ताटभर खाऊ नये आणि शेळ्या-मेंढ्यांना याचीच वैरण घालू नये.

तिसरी पायरी: मेथीचे सोंगाडे

वाटाण्याच्या घराण्यात गेलात की कोल्हापूरकराच्या तोंडी पहिला शब्द येतो मेथी. गंमत अशी की 'रानमेथी' हे नाव निदान दोन वेगळ्या झाडांना आहे. एक डेस्मोडियम ट्रायफ्लोरम. ती गवतात जमिनीला चिकटून पसरते, पानं बारीक, फुलं गुलाबी-जांभळी, शेंग चपटी आणि सांध्यासांध्यांची. शेंगेचे तुकडे कपड्याला चिकटतात. दुसरी मेलिलोटस, म्हणजे खऱ्या मेथीसारखी उभी वाढणारी. म्हणून कुणी नुसतं 'रानमेथी' म्हणालं तर "सरपटणारी की उभी?" हे विचारून घ्या.

उभ्या मेथीवाल्यांत आधी पानांचे देठ बघा. तीन पानांपैकी मधल्या पानाला स्वतःचा वेगळा छोटा देठ असेल, म्हणजे ते बाजूच्या दोघांपेक्षा जरा पुढं सरकून उभं असेल, तर मेथी, मेलिलोटस किंवा मेडिकॅगो, म्हणजे लसूण घासाची जात. तिन्ही पानं एकाच ठिकाणाहून फुटत असतील तर ट्रायफोलियम, म्हणजे बरसीमची जात. ही खूण मला सगळ्यांत उशिरा कळली आणि सगळ्यांत जास्त उपयोगी पडली.

मेलिलोटसचा फुलोरा लांब असतो. बारीक फुलं एका दांडीवर ओळीनं लोंबतात. पिवळी आणि इवलीशी, दोन-तीन मिलिमीटरची असतील तर मेलिलोटस इंडिकस. ही गुडघ्याच्या आसपास राहते, गव्हात, हरभऱ्यात, लसूण घासात मिसळते. फुलं पांढरी, थोडी मोठी आणि झाड माणसाच्या छातीपर्यंत गेलं असेल तर मेलिलोटस अल्बस. शेंग दोघींचीही वाटाण्याची आठवण करून देत नाही. ती बारीक, गोलसर, सुरकुतलेल्या सालीची असते आणि आत बहुधा एकच बी. पानाच्या कडेला बऱ्याच भागात बारीक दाते असतात. एक फांदी वहीत घालून चार दिवस वाळवा आणि वही उघडून वास घ्या. वाळल्या गवताचा गोड वास येतो. तो कुमारिन या द्रव्याचा.

या वासामागची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरं अंगातल्या अंगात रक्तस्राव होऊन मरत होती. शिंगं कापताना झालेली साधी जखमही थांबत नव्हती. कारण निघालं बुरसलेली मेलिलोटसची वैरण. बुरशी कुमारिनचं डायकुमरॉल करते आणि ते रक्त गोठू देत नाही. विस्कॉन्सिनमध्ये कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं १९४०च्या सुमारास ते द्रव्य शोधून काढलं. त्यावरूनच पुढं वॉरफरिन बनलं. ते १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं आणि नंतर माणसांना रक्त पातळ ठेवायला देऊ लागले. आमच्या मामांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "ओली घातली तर चालतंय न्हवं?" ताज्या पाल्याची ही भानगड नाही. वैरण बुरसली की मात्र ती उकिरड्यावर टाकायची, कुठलीही असो.

आता मेडिकॅगो. शेतातली लसूण घास म्हणजे मेडिकॅगो सटिव्हा, फुलं जांभळी, शेंग गोगलगायीसारखी गुंडाळलेली आणि बिनकाट्याची. बांधावर उभी असेल तर ती बहुधा शेजारच्या शेतातून सुटलेली. मेडिकॅगो पॉलिमॉर्फा मात्र खरी उपरी, भूमध्य समुद्राकडची. फुलं पिवळी, एका ठिकाणी दोन-चारच. पानाचं टोक रुंद आणि दातेरी, कडा मात्र खालच्या अर्ध्या भागात बहुधा साधी. देठाच्या बुडाशी दोन छोटी पानं असतात, त्यांना उपपर्ण म्हणतात. पॉलिमॉर्फाची उपपर्णं कंगव्यासारखी खोल कापलेली असतात, आणि भिंगाखाली ती फार देखणी दिसतात. शेंग गुंडाळलेली, काठाला आकडेवाले काटे. लोकरीला ती अशी चिकटते की मेंढपाळांबरोबर ती जगभर फिरली. आपल्याकडे धनगरांचे कळप माळावरून फिरतात, तेव्हा कळप बसून गेलेल्या जागी रब्बीत एकदा नजर टाका.

शेंग गुंडाळलेली नाही, मूत्रपिंडासारखी वळलेली, बिनकाट्याची आणि पिकल्यावर काळी असेल तर मेडिकॅगो लुपुलिना. तिची फुलं पिवळ्या गोंड्यात दाटीनं असतात आणि पानाच्या टोकाला एक बारीक टोच असते. बाहेरून आणलेल्या गवताच्या बियाण्याभोवती तिच्यावर नजर ठेवा.

लसूण घासाचं बी विकत घेताना आणखी एक बघा. त्यात अमरवेलीचं बी मिसळलेलं असू शकतं. पिवळे दोरे पसरलेले दिसले तर तेवढा पट्टा मुळासकट काढायचा. हे ओळखण्याचं नव्हे, पण त्याच वाटेवरचं आहे.

चौथी पायरी: बरसीम आणि तिचे भाऊबंद

बरसीम म्हणजे ट्रायफोलियम अलेक्झांड्रिनम. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इजिप्तकडून भारतात आणलेला रब्बीचा चारा. आपल्याकडं म्हशींचा भर उसाच्या वाड्यावर, म्हणजे शेंड्याच्या पाल्यावर, त्यामुळं ती दिसते ती थोडक्या जागी. लांबट पानं, मलईसारख्या पांढऱ्या फुलांचे गोंडे, खोड उभं. ट्रायफोलियमची मोठी खूण अशी की फूल वाळलं तरी पाकळ्या गळत नाहीत, त्या वाळक्या पाकळ्यांच्या आत शेंग लपलेली असते. मेलिलोटसची शेंग मात्र उघडी दिसते.

हिरवळीच्या बियाण्यातून पांढरा क्लोव्हर, ट्रायफोलियम रेपेन्स, आला तर तो सरपटतो, पेरांना मुळं सोडतो आणि प्रत्येक पानावर बहुधा पांढरट कमान असते. सरपटणं आणि पेरांना मुळं हे आंबुशीलाही लागू, पण पांढऱ्या कमानीनं प्रश्न लगेच सुटतो.

पाचवी पायरी: माळावरचे दोघं

कोरड्या माळावर आणि बांधावर अरुंद, टोकदार पानांची, पिवळ्या फुलांची, रोडकी तिपानी दिसली तर ती स्टायलो. कोरडवाहू चाऱ्यासाठी आणि मातीची धूप थांबवण्यासाठी हिचं बी पेरलं जातं. देठाच्या बुडाची उपपर्णं खोडाभोवती नळीसारखी गुंडाळलेली असतात, ही पक्की खूण. स्टायलोसँथिस हमाटा ही कॅरिबियनकडची, तिच्या खोडाच्या एकाच बाजूला बारीक केसांची ओळ असते आणि शेंगेला आकड्यासारखी वळलेली चोच. बोटाला चिकट लागणारी, झुडपासारखी, बुडाशी लाकडाळ झालेली असेल तर स्टायलोसँथिस स्काब्रा, मूळची दक्षिण अमेरिकेची.

वेल असेल, फूल काळपट जांभळं असेल आणि पान खालून मखमली असेल तर सिराट्रो, म्हणजे मॅक्रोप्टिलियम अ‍ॅट्रोपर्प्युरियम. बाजूच्या पानांना बाहेरच्या अंगाला एक फुगीर कोन असतो. शेंग सरळ आणि बारीक, वाळली की पिळवटून फुटते आणि बिया लांब फेकते. तिची बहीण मॅक्रोप्टिलियम लॅथिरॉइडिस उभी वाढते, पानाला कोन नसतो. वेलीला पिवळं फूल असेल तर मात्र थांबा, तो बहुधा आपला देशी रानमूग.

शेवटी नोंद

फोटो चार घ्या: पूर्ण रोप, फूल समोरून, देठाचं बूड आणि शेंग पट्टीशेजारी ठेवून. मोबाइलच्या अ‍ॅपला नुसत्या पानाचा फोटो दिलात तर ते आमच्या लेकीला सांगितलं तसंच 'क्लोव्हर' सांगेल. शेंगेचा फोटो दिलात तर त्याची अक्कल एकदम वाढते. नमुना जुन्या पेपरात दाबून वाळवा. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख, जागा आणि फुलाचा ताजा रंग लिहा, कारण वाळल्यावर गुलाबीचा तपकिरी होतो. अडलात तर शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आपल्याच शहरात आहे. वाळवलेला, चिठ्ठी लावलेला नमुना घेऊन गेलात तर जाणकाराला उत्तर देणं सोपं जातं. पिशवीत कोमेजलेला पाला नेलात तर त्यांनी तरी काय सांगायचं?

काकूंना मी कंदांची गोष्ट सांगितली. त्यांनी रोप काही टाकलं नाही, फुलं गोड आहेत म्हणाल्या. पण कुंडी आता खिडकीत, खाली बशी ठेवून आहे, आणि माती बदलताना जुनी माती माझ्याकडं आणून देतात, चाळायला.